भाऊ सांभाळेल, पण कागद कुणाच्या नावावर?

वाचकांचे प्रश्न : दिव्यांग माणसाचं घर आणि पैसा

प्रश्न : ताई, मी पारोळा तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. सगळी नोकरी जिल्हा परिषदेत झाली, शेवटचं मूळ वेतन ५६,००० रुपये होतं. मुलगी ३१ वर्षांची आहे. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, सोबत बौद्धिक अक्षमता. प्रमाणपत्रावर ८५ टक्के लिहिलंय. धरून धरून चालते, बोलते थोडंच. तिचं सगळं तिची आईच करते. मुलगा पुण्याला नोकरीला, सून चांगली आहे. वडिलोपार्जित तीन एकर कोरडवाहू आहे, त्यात कापूस लावतो. निवृत्तीचे चौदा लाख बँकेत आहेत. भाऊबंदांचं म्हणणं, जमीन आणि पैसा आताच मुलाच्या नावावर करून द्या, तो बहिणीला सांभाळेल. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सगळे जमतील तेव्हा मुलीचा अंगठा घेऊन हक्कसोड करून टाकू म्हणतात. एक विमा एजंटही चकरा मारतो, करात मोठी सूट मिळेल म्हणतो. संजय गांधीचे पैसे हिला मिळतील का, तेही सांगा. आमच्या दोघांच्या मागे हिचं काय, या विचाराने रात्र रात्र डोळा लागत नाही.

उत्तर : गुरुजी, नमस्कार. अंगठा घेऊ नका. बाकीचं सावकाश वाचा, पण आखाजीच्या आत एवढं मात्र घरात स्पष्ट सांगून टाका.

तुमच्या मुलावर माझा अविश्वास नाही. पण बहिणीला सांभाळणं हे एक काम आणि तिचा पैसा हातात ठेवणं हे दुसरं. आपल्याकडे ही दोन्ही कामं एकाच माणसाच्या गळ्यात घालतात आणि मग त्याच्या चांगुलपणावर सगळं सोडून देतात. उद्या मुलाची नोकरी गेली, त्यालाच काही झालं, घरात वाटण्या निघाल्या, तर सगळ्यात आधी जिला बोलता येत नाही तिचा वाटा जातो. हे मी बँकेच्या काउंटरमागे बसून पाहिलंय. त्या घरांतली माणसं वाईट नव्हती.

सगळ्यात मोठा आधार आधी बघू, कारण तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. तो म्हणजे तुमचं निवृत्तिवेतन. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२ मधला ११६ वा नियम कौटुंबिक निवृत्तिवेतनाचा आहे. तुमच्यानंतर ते तुमच्या पत्नीला मिळेल. तिच्यानंतर, दिव्यांगत्वामुळे स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या अपत्याला ते हयातभर मिळतं. वयाची अट इतर मुलांना असते, अशा अपत्याला नाही. मूळ वेतनाच्या ३० टक्के धरले तर महिन्याचे १६,८०० रुपये झाले, त्यावर महागाई भत्ता वेगळा. तीन एकर कोरडवाहूतून दर महिन्याला एवढे पैसे हातात येतात का, तुम्हीच सांगा.

पण ते आपोआप सुरू होत नाही. तुमचे कागद ज्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून गेले, तिथे अर्ज द्या. मुलीचं नाव, तिचं दिव्यांगत्व आणि ती कमावू शकत नाही ही गोष्ट तुमच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांवर नोंदवून मागा. सोबत जिल्हा शल्यचिकित्सकांच्या पातळीवरचं वैद्यकीय प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), आधार, जन्माचा दाखला आणि तिच्या स्वतःच्या बँक खात्याचं पासबुक जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या आणि ती प्रत जिवापाड जपा.

हे एवढ्या आग्रहाने सांगण्याला कारण आहे. माझे वडीलही नोकरदार होते. धाकटा भाऊ जन्मापासून बौद्धिक अक्षम, आता माझ्याकडे असतो. वडिलांच्या कुटुंबाच्या यादीत त्याचं नाव होतं, पण नावापुढच्या रकान्यात दिव्यांगत्वाबद्दल एक शब्दही नव्हता. आई गेल्यावर मी अर्ज केला, तेव्हा कार्यालयाने विचारलं, वडिलांच्या हयातीत हा असाच होता याला पुरावा काय? ज्याला जन्मापासून सगळ्या गल्लीने पाहिलंय, त्याचा पुरावा! शेवटी तो लहानपणी ज्या विशेष शाळेत जायचा तिथल्या जुन्या रजिस्टरातून दाखला मिळाला आणि काम झालं. मधल्या काळात त्याच्या आकडीच्या गोळ्या माझ्या पगारातून आल्या. ज्या घरात असा पगार नाही, तिथे गोळ्या बंद होतात. वडिलांनी एक ओळ लिहून घेतली असती तर हे सगळं टळलं असतं. ती ओळ तुम्ही हयात असताना लिहून घ्या.

नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्या वाचकांना जुन्या निवृत्तिवेतनाचा नियम सरसकट लागू नाही, त्यांनी आपल्या कार्यालयात विचारावं. खासगी नोकरीत भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल, तर १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेतही कायमचं पूर्ण दिव्यांगत्व असलेल्या अपत्याला वयाची अट न ठेवता पेन्शन आहे. साखर कारखान्यातल्या आणि सूतगिरणीतल्या किती कामगारांना हे माहीत असेल?

आता पालकत्व. मुलगी अठरा वर्षांची झाली की कायद्याच्या लेखी आई-वडीलही तिचे आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय आहे. नेमणूक स्थानिक स्तर समिती करते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. म्हणजे तुमचा अर्ज जळगावच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जाईल. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. आधी तुम्ही दोघं पालक व्हा. तुमच्यानंतर मुलगा अर्ज करेल. तुमची ही इच्छा मृत्युपत्रात लिहून ठेवली तर समितीपुढे तिला वजन राहील.

मला हा कायदा आवडतो तो एका गोष्टीसाठी. यात पालकाला हिशेब द्यावा लागतो. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत पाल्याच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च द्यायचा. पालक छळतो किंवा मालमत्ता खातो असं दिसलं, तर दुसरा नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था समितीकडे तक्रार करून त्याला काढायला लावू शकते. तुमचा मुलगा चांगला आहे, म्हणूनच हिशेब देणं त्याला जड जाणार नाही. उलट उद्या भाऊबंदांत कुणी बोट दाखवलं तर हाच कागद त्याची बाजू घेईल.

जमिनीचं. वडिलोपार्जित असल्याने हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर तिच्यात मुलीचा जन्मतः मुलाइतकाच हक्क आहे. दिव्यांग आहे म्हणून वारसा जातो, हा गैरसमज खानदेशात अजून घट्ट आहे. याच कायद्याचं २८ वं कलम साफ सांगतं की आजार, व्यंग किंवा दोष यावरून कुणाचाही वारसा नाकारता येत नाही. आणि हक्कसोडीचं म्हणाल, तर ज्या व्यक्तीला दस्तात काय लिहिलंय तेच कळत नाही, तिचा अंगठा म्हणजे करार नाही. असा दस्त आज नोंदला गेला तरी पुढे कधीही वादात सापडेल आणि मुलाच्याही डोक्याला ताप होईल. तिचं नाव सातबाऱ्यावर राहू द्या. कसायचं तर भावाने कसावं, नाहीतर बटाईने द्यावं, पण तिच्या वाट्याचे पैसे तिच्या खात्यात जावेत आणि पासबुकात दिसावेत.

चौदा लाख तर आज कुणालाच देऊ नका. तुम्हा दोघांच्या नावावर ठेवा, तुमचं दुखणंखुपणं आहेच. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला. त्या दराने चौदा लाखांवर तिमाहीला २८,७०० रुपये येतात. खातं उघडताना असलेला दर मुदतभर बदलत नाही, म्हणून जायच्या आधी त्या तिमाहीचा दर विचारून घ्या. सगळी रक्कम मुलीच्या नावावर टाकायची घाई मात्र नको. कौटुंबिक निवृत्तिवेतनाच्या वेळी तिचं स्वतःचं उत्पन्न किती, हा प्रश्न निघू शकतो.

नुसतं नॉमिनी लावून भागेल असं समजू नका. बँकेतला नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालकी वारसांचीच असते. त्यासाठी मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात, मुद्रांक शुल्क लागत नाही आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं बरं. त्यातच लिहा की आम्हा दोघांच्या मागे ही रक्कम मुलीसाठीच्या खासगी ट्रस्टमध्ये जाईल. ट्रस्टचे विश्वस्त दोन ठेवा. एक मुलगा आणि दुसरा तिच्या आईच्या माहेरचा, तुमच्याहून वयाने बराच लहान असा कुणी. मामेभाऊ असेल तर उत्तम. पैसा कशावर खर्चायचा तेही लिहा : सांभाळणाऱ्या बाईचा पगार, औषधं, डायपर, फिजिओथेरपी, वर्षाला नवे कपडे. आजच ट्रस्ट उभा केला तर त्याचा दरवर्षीचा हिशेब आणि विवरणपत्र आतापासून मागे लागेल, चौदा लाखांसाठी ते मला जास्त वाटतं. मृत्युपत्रातून ट्रस्ट करणं तुम्हाला पुरे. मसुदा मात्र वकिलाकडूनच करून घ्या.

एजंटाला चहा पाजा आणि परत पाठवा. तो सांगतो ती आयकराच्या ८० डीडी कलमाची सूट खरी आहे. दिव्यांग व्यक्ती अवलंबून असेल तर ७५,००० आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर १,२५,००० रुपये उत्पन्नातून वजा होतात. पण ती जुन्या करप्रणालीतच मिळते. नव्या प्रणालीत आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. तुमचं निवृत्तिवेतन त्याच्या कितीतरी आत आहे. जिथे करच नाही तिथे सूट घेऊन काय करणार?

संजय गांधी निराधार योजना तुमच्या घराला बसत नाही. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे. गावात कुणी कमी उत्पन्नाचा दाखला काढून देतो म्हणेल, त्या नादी लागू नका. त्याऐवजी राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना घ्या. तिच्यात वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण आहे, बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीचाही समावेश आहे आणि आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. मुलीच्या आजारावर दुसऱ्या कंपन्या नाक मुरडतात, इथे तोच आजार पात्रता आहे. जळगावला किंवा धुळ्याला नेताना एसटीत तिला ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेतही बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला स्लीपरला ७५ टक्के सूट आहे आणि तेवढीच सोबतच्या माणसाला.

आणखी एक काम आहे, ते कुठल्याही कार्यालयात होत नाही. तिच्या आईला जवळ बसवून एक वही लिहा. आकडीची गोळी कोणती, किती वाजता, चुकली तर काय होतं. भाकरी दुधात कुस्करून किती जाड लागते, कशाने ठसका लागतो. कुकरच्या शिट्टीला घाबरते का, अंघोळीला आधी पाय की डोकं. पाळीच्या दिवसांत काय करावं लागतं. पोट दुखलं की ती ते कसं दाखवते. तुमच्या घरात अहिराणी बोलत असतील तर तेही लिहा, कारण पुण्यात ठेवलेली बाई तिच्याशी वेगळ्याच बोलीत बोलेल आणि मुलगी ऐकत नाही म्हणून चिडेल. माझी आई गेली तेव्हा भावाने चार दिवस अन्न घेतलं नाही. तो आईच्या ताटातच जेवायचा, वेगळ्या ताटाला हात लावत नव्हता, हे आम्हा कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. अशा गोष्टी फक्त आईला माहीत असतात, त्या तिच्यासोबत जाऊ देऊ नका. आखाजीला मुलगा-सून येतील तेव्हा ही वही त्यांच्या हातात द्या, आणि सुनेला तिचं मत जरूर विचारा. काम तिच्याही वाट्याला येणार आहे.

प्रश्न : आम्ही साक्री तालुक्यातले, शेत नाही, मजुरी करतो. दीड वर्षापूर्वी दुसऱ्याच्या शेतात काम करताना आमच्या ह्यांचा उजवा हात थ्रेशरमध्ये गेला, कोपराच्या वरून कापावा लागला. संजय गांधीचे पैसे सुरू झाले होते, दिवाळीपासून बंद आहेत. बँक म्हणते तहसीलला जा, तहसीलवाले म्हणतात बँकेत जा. काय करू?

उत्तर : ताई, आधी ते घ्या ज्याची मुदत संपत आलीय. यंत्रावर चालणाऱ्या शेतीकामात मजूर जायबंदी झाला तर नोव्हेंबर २०२५ पर्यंत कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ लागू होता, आता त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. ज्याने कामाला लावलं त्याच्याकडून भरपाई मागता येते, पण जुन्या कायद्यात दावा अपघातापासून दोन वर्षांत करावा लागायचा, म्हणून तीच मुदत धरून चला. तुमचं दीड वर्ष गेलंय. धुळ्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. दिव्यांग व्यक्तीला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न किती हे बघत नाहीत. दवाखान्याचे कागद घ्या आणि अपघात पाहिलेल्या दोघा-तिघांची नावं लिहून घ्या. पोलिसांत नोंद झाली असेल तर तिचीही नक्कल घ्या. शेतमालक ओळखीचा आहे, गावात राहायचंय, हे मला कळतं. त्याच्याशी आधी बोला. पण बोलण्यात मुदत जाऊ देऊ नका.

दुसरं, ह्यांचं पासबुक काढा आणि अपघाताच्या वर्षीची पानं बघा. मे-जूनच्या सुमाराला २० रुपये कापलेले दिसतात का? दिसले तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. एक हात गेला तर तिच्यात एक लाख रुपये आहेत. दावा लवकर करायचा असतो, तुम्हाला उशीर झालाय, तरी बँकेत लेखी अर्ज द्या आणि उशिराचं कारण लिहा. नाही म्हणायचं तर त्यांना लेखी म्हणू द्या.

आता बंद झालेलं अनुदान. पैसे आता थेट आधारला जोडलेल्या खात्यात येतात. खातं चालू असलं तरी आधारची जोडणी दुसऱ्याच, जुन्या खात्याशी असली तर पैसे तिकडे जातात किंवा परत फिरतात. म्हणून बँकेत 'पैसे आले का' एवढंच विचारू नका. 'डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार कुठल्या बँकेशी जोडलेलं आहे ते बघून सांगा' असं विचारा. ते ठीक असेल तर तहसीलच्या संजय गांधी शाखेत जा आणि हयातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार आणि दिव्यांग प्रमाणपत्रावरचं नाव यांतलं काय अडलंय ते विचारा. एका कागदावर वडिलांचं नाव आणि दुसऱ्यावर नुसतं आडनाव, एवढ्यावरही काम थांबतं. दिव्यांगांचं अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून १,५०० वरून २,५०० रुपये झालंय. पैसे सुरू झाले की रक्कम तपासून घ्या आणि मधल्या महिन्यांची थकबाकी लेखी मागा.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात. ग्रामसेवकाकडे ह्यांच्या नावाने अर्ज द्या, ग्रामसभेत तुम्ही स्वतः उभ्या राहून विचारा. कृत्रिम हातासाठी केंद्राच्या एडिप योजनेत महिना २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना साधन मोफत आहे, जिल्हा रुग्णालयात शिबिराची चौकशी करून नाव लिहून ठेवा.

प्रश्न : मी भुसावळचा, पूर्ण अंध आहे, बँकेत लिपिक. वर्षाचा पगार नऊ लाखांच्या आसपास. कर वाचवायला जुनी प्रणाली ठेवू का?

उत्तर : भाऊ, नाही. जुन्या प्रणालीत तुम्हाला स्वतःच्या दिव्यांगत्वासाठी ८० यू कलमाची १,२५,००० ची वजावट मिळते खरी, पण नव्या प्रणालीत नऊ लाखांच्या पगारावर कर शून्य येतो. दिव्यांग कर्मचाऱ्याला घरून कामावर जाण्या-येण्यासाठी मिळणारा वाहतूक भत्ता महिना ३,२०० रुपयांपर्यंत नव्या प्रणालीतही करमुक्त आहे. तुमच्या पगारपत्रकात तो वेगळा दाखवलाय का, बघून घ्या. व्यवसाय कर कापत असतील तर यूडीआयडीची प्रत जोडून थांबवायला सांगा. महाराष्ट्रात ४० टक्के किंवा त्याहून अधिक कायमचं दिव्यांगत्व असलेल्यांना तो माफ आहे, वर्षाला २,५०० रुपये होतात. जो पगार कर न जाता हातात येतो, त्यातून आधी स्वतःचा आरोग्य विमा घ्या. बँकेचा गट विमा नोकरीपुरताच असतो.